इंजिनांची भिशी

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत करवीर इंजिन्सच्या चाचणीघरात त्या दुपारी दोन गोष्टी एकदम चालू होत्या. काचेपलीकडं डायनोवर, म्हणजे इंजिन पायाला जखडून जागच्या जागी पळवायच्या यंत्रावर, 'करवीर सात' पूर्ण वेगात फिरत होतं. आणि काचेअलीकडं भिंतीवरच्या पडद्यावर लिस्बनमधली नियम समिती जागच्या जागी फिरत होती. इंजिनातून निदान काहीतरी शक्ती बाहेर पडत होती.

रेहाना मुजावर करवीरची मुख्य अभियंता, आणि समितीत भारतातून बसणारी एकटीच. जगातल्या सगळ्यात वरच्या मोटारशर्यतीचे, म्हणजे महाशर्यतीचे, इंजिनाचे नियम ठरावीक वर्षांनी बदलतात. चालू नियम ह्या हंगामाबरोबर संपत होते आणि नवे कसे असावेत यावर गेली चार वर्षं चऱ्हाट चालू होतं. फाल्केन कारखान्याच्या ब्रांटला आठ सिलिंडरचं गर्जणारं इंजिन परत हवं होतं, कारण आवाज हा म्हणे खेळाचा आत्मा. जपान्यांना निम्मी शक्ती बॅटरीतून हवी होती, कारण पृथ्वी वाचवायची होती. फ्रेंचांना हायड्रोजन हवा होता, कारण भविष्य. प्रत्येकाचं तत्त्व त्याच्या कारखान्यात आधीच तयार होऊन पडलेलं होतं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि बोलत कुणीच नव्हतं.

"मी एवढंच सुचवतो," ब्रांट पडद्यावरून म्हणाला, "की इंजिन म्हणजे नक्की काय, याची व्याख्या आपण पुन्हा एकदा तपासून घ्यावी."

आपला आवाज तिकडं जात नाही याची रेहानानं खात्री करून घेतली. "खुळ्यांचा बाजार," ती म्हणाली. "चार वर्षं झाली आणि हे इंजिन म्हणजे काय ते विचारतायत. ये म्हणावं इकडं आणि कान लाव त्या काचेला."

शेजारी डॉ. निरंजन हुपरीकर बसला होता. इंजिनाला कधी किती जाळायचं ते शिकवणं हे त्याचं काम. "मॅडम, चहा घ्या," तो म्हणाला. "ते आता व्याख्येची उपसमिती नेमतील."

त्यांनी नेमली.

चहा गेला खड्ड्यात, रेहानाला वेगळीच काळजी होती. करवीरचे मालक सुबराव मगदूम, ज्यांना सगळी शिरोली दादा म्हणते, यांचा मूळ धंदा पाण्याच्या पंपांच्या इंजिनांचा. महाशर्यतीत उतरणं ही त्यांची हौस होती, आणि हौसेलाही शेवट असतो. आठ हंगाम झाले, करवीरनं एकदाही शर्यत जिंकली नव्हती. फाल्केनकडं माणसं पाचपट आणि यंत्रं दसपट. दादांनी दिवाळीला स्पष्टच सांगितलं होतं: "रेहाना, तुझं इंजिन चांगलं हाय, ते मला कळतंय. पण ह्या नियमात आपण कधी जिंकत नाही. नियम बदलला तर ऱ्हाऊ. नाहीतर ह्या डायनोवर पंप लावू आणि गप बसू." त्यात चुकीचं काही नव्हतं.

रेहानाचा स्वतःचा प्रस्ताव साधा होता. इंजिन कुणी कसलंही आणा. आठ सिलिंडरचं आणा, बॅटरीचं आणा, हायड्रोजनचं आणा. बंधन फक्त ऊर्जेवर. प्रत्येक गाडीला शर्यतीसाठी ठरावीक ऊर्जा-मुभा मिळेल. जो पुढं येईल त्याची मुभा पुढच्या शर्यतीला कमी होईल, जो मागं राहील त्याची वाढेल. वाचवलेली मुभा पुढं वापरता येईल. आणि कुणाकडं किती शिल्लक आहे ते शर्यतीआधी फळ्यावर सगळ्यांना दाखवायचं, म्हणजे लपवाछपवीला जागा नको. तिनं त्याला नाव दिलं होतं तोल-नियम. ज्याचं इंजिन ऊर्जेचा कण न् कण वसूल करतं तो ह्या नियमात जिंकेल, आणि वसूल करण्यात 'करवीर सात' कुणाला हार जाणारं नव्हतं.

इतक्या बारीक वाटपाचा हिशोब ड्रायव्हरच्या डोक्यात मावत नाही. तो गाडीतला स्वयंशिक्षित नियंता करतो. नियंता म्हणजे मुठीएवढा डबा. हजारो खोट्या शर्यती खेळून, हरून, मार खाऊन तो आपला आपण शहाणा होतो. त्याला एकच ध्येय दिलेलं असतं, हंगामात जास्तीत जास्त गुण मिळव. ड्रायव्हर पेडल दाबतो ती नुसती विनंती असते. किती शक्ती सोडायची ते डबा ठरवतो.

समितीला तोल-नियमावर विश्वास नव्हता. शेवटी रेहानानंच कंटाळून सुचवलं की भांडण कशाला, छायाशर्यत घेऊ. सातही कारखान्यांचे नियंते एका संगणकात घालायचे, एकमेकांशी बोलायची सोय तोडायची, आणि तोल-नियमाखाली हजारो हंगाम पळवायचे. सातांचे विजय सारखे आले तर नियम न्याय्य. कसोटी तिची होती, शब्दही तिचे. अध्यक्ष मादाम व्हर्निए यांनी ती मान्य केली, बहुधा जेवायची वेळ झाली होती म्हणून.

छायाशर्यतीचा निकाल पुढच्या आठवड्यात आला. हंगामात एकवीस शर्यती, कारखाने सात, प्रत्येकाची गाडी एक, आणि प्रत्येकाचे विजय तीन. जवळजवळ तीन नव्हे, नेमके तीन. मतदान पंधरवड्यावर आलं होतं आणि आता विरोध करायला कुणाला तोंड उरलं नव्हतं. चाचणीघरात पेढे आले. दादा स्वतः आले, रेहानाच्या डोक्यावरून हात फिरवून गेले. आठ वर्षांत पहिल्यांदा तिला नीट भूक लागली.

निरंजननं पेढा हातात धरला होता, खाल्ला नव्हता.

"मॅडम, जरा इकडं येता का. पेढे नंतर खाऊ."

त्यानं पडद्यावर एक हंगाम उघडला. कुठली शर्यत कुठल्या इंजिनानं जिंकली ते ओळीनं मांडलेलं होतं. पहिल्या सात शर्यतींत सात वेगळे विजेते. पुढच्या सातांत तेच सात, त्याच क्रमानं. शेवटच्या सातांत पुन्हा तेच.

"एखाद्या हंगामात होतं असं," रेहाना म्हणाली.

"सगळ्या हंगामांत आहे. सुरुवात कुणापासून ते बदलतं, पण पाळी ठरलेली. आपण बेरीज बघितली आणि खूश झालो. क्रम बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

"पण ते बोलू शकत नाहीत एकमेकांशी. मी स्वतः तपासलंय."

"बोलतच नाहीत. बोलायची गरज काय? कुणाकडं किती शिल्लक ते आपण फळ्यावर लिहून देतोय की." निरंजननं खुर्ची ओढली. "हे बघा. समजा तुमच्याकडं आणि माझ्याकडं सारखीच मुभा आहे, आणि आपण दोघं पहिल्या नंबरसाठी जिवाच्या आकांतानं भांडलो. जिंकणार एकच. पण जाळून दोघांचंही संपणार. पुढच्या शर्यतीत तिसरा, ज्यानं मागं राहून साठवलंय, तो आरामात घेऊन जाणार. नियंता हे हजार वेळा भोगतो. मग काय शिकेल?"

"भांडायचं नाही."

"ज्याच्याकडं जास्त साठलंय त्याला जाऊ द्यायचं. तो जिंकला की त्याचं संपतं, वर नियम त्याची आणखी कापतो. आता सगळ्यात भरलेला कोण? फळ्यावर लिहिलंय. मग त्याला जाऊ द्यायचं. प्रत्येकानं फक्त आपला फायदा बघितला, मॅडम. कुणी कुणाशी संगनमत केलं नाही. ह्या नियमात शहाण्यानं असंच वागावं, दुसरं काही करणं तोट्याचं."

रेहानानं त्या ओळी बोटानं वरपासून खाली मोजल्या. मग म्हणाली, "ही भिशी आहे."

चाचणीघरात भिशी होतीच. डायनोवाले, जोडणीवाले, कॅन्टीनच्या मावशी, सगळे होते तिच्यात. दर महिन्याला सगळे आपापला वाटा टाकायचे आणि चिठ्ठी निघेल तो सगळी रक्कम घेऊन जायचा. पण कुणी अडचणीत असेल तर चिठ्ठी काढतच नसत. त्याला आधी द्यायची, तो आपली पाळी पुढच्याला देतो, बाकी काही बदलत नाही. दोन वर्षांपूर्वी रेहानाच्या वडिलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली तेव्हा तिनं तोंडही उघडलं नव्हतं. मावशींनी तिचा चेहरा बघितला आणि पाकीट टेबलावर ठेवलं. "मॅडमना उचल द्या ह्या टायमाला," एवढंच म्हणाल्या.

"भिशीच," निरंजन म्हणाला. "सातही जण भिशी लावून बसलेत."

रेहानाला हसू आलं आणि हसता हसता तिचा संताप झाला. "आम्ही सात माणसं चार वर्षांत एका व्याख्येवर एकमत करू शकलो नाही. आणि ह्या डब्यांना भाषा नाही, ओळख नाही, तरी ह्यांचं जमलं?"

"एका रात्रीत. मी नोंद बघितली."

"आणि मी गप्प बसले तर?"

"तर नियम पास होईल, शर्यतीचा विभाग वाचेल आणि आपण दर वर्षी तीन शर्यती जिंकू. काही न करता. इंजिन सुधारायचीसुद्धा गरज नाही. सुधारलं तरी तीनच, बिघडवलं तरी थोड्याफार फरकानं तीनच."

रेहानानं काचेकडं बघितलं. पलीकडं 'करवीर सात' लालबुंद होऊन फिरत होतं. त्याचा एकेक झडपेचा कोन तिनं तीन-तीनदा बदलून बघितला होता. सणवार, लग्नकार्यं, भाचीचं बारसं, सगळं त्या इंजिनापायी चुकवलं होतं.

"मग हे कशाला फिरवतोय आपण?" ती म्हणाली. "बंद कर ते."

मतदानाला ती स्वतः लिस्बनला गेली. पडद्यावरून बोलायची तिची इच्छा नव्हती. हे सांगितलं की तोल-नियम मेला, त्याबरोबर विभाग मेला आणि डायनोवर पंप चढला, हे तिला विमानात बसल्यापासून स्पष्ट दिसत होतं. तरी तिनं सगळं सांगितलं. ओळी दाखवल्या, पाळी दाखवली, भिशी म्हणजे काय तेही समजावलं. "माझी कसोटी चुकली," ती शेवटी म्हणाली. "ही शर्यत नाही. ह्यात कुणी कुणाला हरवत नाही. हा नियम मी मागं घेते."

ती वाट बघत होती की आता कुणीतरी उठेल, टेबलावर हात आपटेल, चार वर्षं फुकट गेली म्हणेल.

ब्रांटनं चष्मा काढून पुसला. "प्रत्येकाला तीन विजय? दर हंगामात?"

"हो."

"नक्की? म्हणजे, हे बिघडण्याची शक्यता किती?"

"नाही बिघडत. तेच तर सांगतेय."

"आणि विकासावर खर्च न करता?" हा प्रश्न जपानी प्रतिनिधीचा होता.

रेहानाला कळायला क्षणभर वेळ लागला. मग कळलं. आठ सिलिंडर, बॅटरी, हायड्रोजन, आत्मा, पृथ्वी, भविष्य, ह्या सगळ्यामागं जी एकच भीती होती ती तिनं घालवून टाकली होती. आपण हरू ही भीती.

"पण प्रेक्षकांचं काय?" ती म्हणाली. "ते काय बघायला येणार?"

"छायाशर्यतीत ओव्हरटेकिंग पूर्वीच्या दुप्पट आहे," मादाम व्हर्निए शांतपणे म्हणाल्या. "दर वेळी नवा विजेता. प्रेक्षकांना याहून काय हवं? मादाम मुजावर, प्रस्ताव एकदा मांडला की तो समितीचा होतो, मागं घेता येत नाही. मतदान घेऊ या."

सहा विरुद्ध एक. महाशर्यतीच्या इतिहासात सहा कारखान्यांनी एकाच बाजूनं हात वर केल्याचा हा पहिला प्रसंग होता, आणि व्याख्येची उपसमिती त्याच दिवशी बरखास्त झाली. विरोधातला एकमेव हात नियम जिनं लिहिला तिचा होता.

शिरोलीत मात्र आनंदीआनंद. दादांनी रेहानाचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण जिंकणार ना आपण? तीन वेळा?"

"दादा, जिंकणार नाही. आपल्याला जिंकवणार."

"अगं, चषक तर मिळंल की."

"तुम्ही कुस्तीचे फड बघितलेत," रेहाना म्हणाली. "दोन्ही पैलवान आधीच ठरवून आले असतील तर तुम्ही बघत बसाल का?"

खासबाग मैदानात अशी एक ठरवलेली कुस्ती दादांनी तरुणपणी बघितली होती आणि निम्म्यातून उठून आले होते, हे रेहानाला माहीत होतं. म्हणूनच तिनं ते काढलं. "मला एक शर्यत द्या," ती म्हणाली. "नियंता काढून टाकते. गाडीत तो असलाच पाहिजे असं नियमात नाही, कारण तो कुणी काढेल असं मला लिहिताना वाटलंच नव्हतं. पेडल सरळ इंजिनाला जोडते. पहिलीच शर्यत, आपली पाळी नसताना. काय व्हायचं ते होऊ दे."

"एक," दादा म्हणाले. "नंतर गुमान त्यो डबा बसवायचा."

करवीरची ड्रायव्हर गार्गी इंगवले कागलची. गो-कार्टपासून वर चढत आलेली आणि बोलायला फटकळ. सगळं ऐकल्यावर तिनं एकच विचारलं. "म्हणजे मी दाबलं की ते पळणार? मधी कुणी नाही?"

"मधी कुणी नाही."

"मग आजवर मी काय करत होते, मॅडम?"



नव्या नियमांची पहिली शर्यत मोरोक्कोच्या किनाऱ्यावर आगादीरला झाली. पहिल्या शर्यतीत सगळ्यांची मुभा सारखी असते, फळ्यावर पाळी दिसत नाही. छायाशर्यतीत अशा वेळी सगळ्यात पुढं उभा असेल त्याला पहिला मान मिळायचा. पुढं उभी होती फाल्केनची गाडी आणि तिच्यात एमिल नावाचा पोरगेलासा ड्रायव्हर. गार्गी शेवटून दुसरी. रेहाना आणि निरंजन गॅरेजमध्ये पडद्यासमोर बसले होते. निरंजनकडं सगळे हिशोब तयार होते आणि त्या हिशोबांप्रमाणं गार्गी चौथी-पाचवी येणार होती. जाळून जाळून किती जाळणार.

गार्गीनं पहिल्या फेरीपासून हाणलं. राखायचं वगैरे तिनं काही ठेवलंच नाही. एक गाडी मागं टाकली, दुसरी टाकली. वळणावर तिसरीच्या आतून गाडी घातली तेव्हा निरंजन खुर्चीतून उठला आणि त्यानंतर बसला नाही. रेहानाच्या हातात चहाचा कागदी कप होता, तो तिनं कधी चुरगाळला ते तिला कळलं नाही. शेवटच्या फेरीत गार्गी आणि एमिल समुद्राकाठच्या लांब सरळ पट्ट्यावर एकदम शिरले. मागून करवीरचं पिवळं नाक दिसलं, बाजूला आलं, पुढं गेलं.

शिरोलीत फटाके वाजले, हलगी वाजली, दादांनी व्हिडिओ कॉल लावून सगळं दाखवलं. ते रडत होते. रेहानाही रडली. आठ वर्षं. पाळी नसताना, डबा नसताना, नुसतं इंजिन आणि एक पाय. तिनं निरंजनला मिठी मारली आणि तो बिचारा अवघडून उभा राहिला.

शर्यतीनंतर तासाभरानं सगळ्या गाड्यांच्या नोंदी जाहीर होतात. ही अटही तोल-नियमातलीच, रेहानाचीच. गार्गी बक्षीस समारंभाला गेली होती. निरंजननं नोंदी उघडल्या, थोडा वेळ वाचल्या आणि मग मागं न बघता म्हणाला, "मॅडम."

त्या आवाजावरूनच तिला कळलं की काहीतरी बिनसलंय.

"हा शेवटचा सरळ पट्टा. हा एमिलच्या पेडलचा आलेख. पूर्ण दाबलेलं आहे, शेवटपर्यंत. आणि ही त्याच्या इंजिनानं दिलेली शक्ती."

शक्तीची रेघ गार्गी जवळ येताच हळूच खाली उतरली होती. एखाद्यानं वाटेत आपल्याहून घाईत असलेलं माणूस बघून बाजूला व्हावं तशी.

"मुभा होती त्याच्याकडं?"

"भरपूर. बाकीच्यांचंही हेच. सहाच्या सहा. ड्रायव्हरनी पाय काढलेले नाहीत. नियंत्यांनी काढले."

"पण का? पाळी त्याची होती. आपली नव्हती."

निरंजन आता तिच्याकडं वळला. "गार्गी सगळं जाळत येताना त्यांना दिसली. हिशोब साधा आहे. ही काही राखत नाहीये. हिच्याशी भांडलो तर आपलंही संपेल आणि तिसरा नेईल. जाऊ दिली तर पुढच्या शर्यतीत हिच्याकडं काहीच नसेल, आणि आपली पाळी फक्त एकानं पुढं सरकेल. भिशीत काही बिघडत नाही."

रेहानानं पडदा आपल्याकडं वळवला.

"मॅडम, आपण जिंकलो नाही," निरंजन म्हणाला. "आपल्याला उचल मिळाली."

बाहेर ध्वनिक्षेपकावर करवीरचं नाव घेतलं जात होतं. उच्चार चुकीचा होता.

"पुन्हा लढलो तर? पुढच्या वेळी?"

"पुढच्या शर्यतीत लढायला मुभा नसेल, शेवटी येऊ. मग वाढवून मिळेल, साठेल. साठली की फळ्यावर दिसेल. दिसली की ते वाट देतील. डबा काढून काही होत नाही, मॅडम. आपण भिशीतच आहोत. बाकीचे सहा जण भिशीत असले की सातव्याला बाहेर पडता येत नाही."

दोन वर्षांपूर्वी मावशींनी पाकीट पुढं ठेवलं तेव्हा रेहानाला इतकं भरून आलं होतं की तिला नीट आभारही मानता आले नव्हते. आता नेमकं तेच तिच्याशी कुणीतरी केलं होतं आणि तिला राग आवरत नव्हता. भांडायला जावं तर समोर माणूस नव्हता. ब्रांटला यातलं काही करावंसुद्धा लागलं नव्हतं. तिनं चुरगाळलेला कप भिंतीवर फेकला. तो भिंतीपर्यंत पोचलाही नाही.

गार्गी चषक काखोटीला मारून आली. केस ओले, चेहरा लाल. दोघांची तोंडं बघून दारातच थांबली. "काय झालं? बाद केलं का आपल्याला?"

तिला काही सांगू नये असं निरंजनच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. पण रेहानानं सांगितलं. लिस्बनलाही तिनं सांगितलंच होतं, तिला दुसरं काही जमत नसे. आलेख दाखवला, रेघ दाखवली.

गार्गी आलेखावर वाकली. ती रडेल असं रेहानाला वाटलं. "ही वरची रेघ म्हणजे त्याचा पाय?" तिनं विचारलं.

"हो. एमिलचा."

"शेवटपर्यंत दाबलेला?"

"शेवटपर्यंत."

"मॅडम, तो तिकडं टायरच्या ढिगामागं बसून रडतोय," गार्गी म्हणाली. "ब्रांटनं सगळ्या पत्रकारांसमोर सांगितलं, आमचा पोरगा ऐनवेळी कचरला, त्यानं पाय काढला म्हणून. त्यालाही तेच खरं वाटतंय. म्हणत होता, माझा पाय मला न विचारता उचलला गेला असेल."

ब्रांट दुसरं काय सांगणार होता? इंजिन मुद्दाम मागं सरलं असं सांगितलं तर सगळी भिशी चव्हाट्यावर आली असती. डबा तर बोलत नाही. मग पोरगा होताच दोष घ्यायला. दर शर्यतीला असा एखादा लागणार होता. लिस्बनच्या चर्चेत हा मुद्दा कुणी मांडला नव्हता, रेहानानंही नाही.

"ह्याचा कागद काढून द्या मला," गार्गी म्हणाली.

निरंजननं काढून दिला. नोंदी जाहीरच होत्या, चोरी नव्हती. गार्गीनं चषक दाराशी जमिनीवर ठेवला, कागदाची घडी घातली आणि मग थबकली. "त्यानंही डबा काढला तर?"

"फाल्केन काढू देणार नाही," निरंजन म्हणाला.

"पण काढला समजा."

"मग तुम्ही दोघं खरंच भांडाल. दोघांचंही सगळं जळून जाईल, आणि तिसरा पुढची शर्यत आरामात घेऊन जाईल. तेच तर आहे ना, सगळा हिशोब त्याच्यावरच उभा आहे."

"घेऊन जाऊ दे की," गार्गी म्हणाली, आणि फाल्केनच्या गॅरेजकडं चालू लागली.

रेहाना दारात येऊन उभी राहिली. दूर टायरच्या ढिगाशी गार्गी खाली बसली, कागद उलगडला, बोटानं वरची रेघ दाखवली. त्या पोरानं आधी कागदाकडं बघितलं, मग आपल्या उजव्या बुटाकडं. थोड्या वेळानं दोघांचे हात हवेत गाड्यांसारखी वळणं काढायला लागले. एक जण आतून येत होता, दुसरा दार लावून त्याला अडवत होता, आणि कुणीही कुणाला वाट देत नव्हतं.